उत्तर द्यायचं नाही

काम सुटायची वेळ झाली की वत्सला ओळीच्या टोकाला येऊन उभी राहायची, तोंडाच्या दोन्ही बाजूंना हात धरायची आणि कूक द्यायची. आवाज पोटातून निघायचा, वर जाऊन क्षणभर थांबायचा आणि शेवटी तुटल्यासारखा खाली यायचा. बागेत कुठंही असला तरी काळू तिकडून "होऽ" म्हणायचा. शाळा सुटून बांधावरून येणारी रोशनी "होऽ" म्हणायची. शेडच्या दारात बसलेली रंगूबाई, काळूची आई, तिला कुणी बोलावत नसलं तरी म्हणायची. त्यांच्या गावाकडं, पेठच्या डोंगरात, ही रीत होती. एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवरचा माणूस दिसत नाही, पण कूक पोचते. ज्याला ऐकू गेली त्यानं उत्तर द्यायचं, मग ती त्याच्यासाठी असो वा नसो. ऐकून गप्प फक्त मेलेली माणसं राहतात, असं रंगूबाई म्हणायची.

पिंपळगाव बसवंतजवळच्या या द्राक्षबागेत त्यांची मजुरांची टोळी दसऱ्यानंतर आली होती. दरवर्षी रोशनी मागे आश्रमशाळेत राहायची. यंदा ती बरोबर आली, कारण इथल्या शाळेनं तिला नववीत बसू दिलं होतं.

दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी टेंपोवाला कुंदन टेंपोतून औषधाचे खोके उतरवत होता. वत्सलाची कूक ऐकून तो खोका तसाच धरून उभा राहिला.

"मावशी, काय आवाज हाय ओ! परत एकदा होऊ द्या."

"कशाला? आले की सगळे."

"मोबाईलवर घेतो. मग कुठंबी ऐकू जाईल. तुमच्या डोंगरातबी."

वत्सला पदराला हात पुसत थांबली. "माझी आय हाय तिकडं. भावाकडं मोबाईल हाय, लखनकडं. त्याच्यावर जाईल?"

"जाईल म्हणजे काय, पळत जाईल."

बायका हसल्या. वत्सलानं मात्र तोंड मावळतीकडं केलं. तिकडचे डोंगर इथून दिसत नव्हते. तिनं मोठा श्वास घेतला आणि एरवी देत नव्हती इतकी लांब कूक दिली. मग मान थोडी तिरकी करून, कान त्या बाजूला लावून ती उत्तराची वाट बघत उभी राहिली. कुंदनचा मोबाईल चालूच होता. ते वाट बघणंही त्यात आलं.

लोकांना हसू आलं ते त्या वाट बघण्याचं.

आठवडाभरात तो आवाज कुंदनच्या हातातून निघून गेला. कुणी तो आपल्या म्हशीच्या व्हिडिओला लावला, कुणी बायकोला घाबरणाऱ्या नवऱ्याला, कुणी रिकाम्या सिलिंडरला. पॅकहाऊसच्या दारात, चहाच्या टपरीवर, रस्त्यानं जाणाऱ्या पोरांच्या खिशात वत्सला कूक देत होती. पहिल्यांदा ती बांधापलीकडून आली तेव्हा ओळीत काम करणाऱ्या सगळ्या बायकांनी हातातली कात्री न थांबवता "होऽ" म्हटलं. वत्सलानंही म्हटलं. बांधावर हसण्याचा फुगा फुटला. कुंदनबरोबरची दोन पोरं टेंपोच्या फाळक्याला धरून वाकली होती.

"आपल्याच हाकेला ओ देतीय मावशी!"

त्याचाही व्हिडिओ झाला. मग रोजच सुरू झालं. टेंपो यायचा, मोबाईल वाजायचा, आणि बायका ठरवूनही स्वतःला अडवू शकायच्या नाहीत. शिंक यावी तसा आवाज निघून जायचा. निघाला की त्या एकमेकींकडं न बघता मणी काढत राहायच्या.

काळूच्या मोबाईलवर तर दुसरं काही येईनासं झालं. तो जेवण झाल्यावर भिंतीला टेकून बोटानं वर ढकलायचा, तर म्हशीमागं कूक, ट्रॅक्टरमागं कूक, नाचणाऱ्या पोरीमागं कूक. प्रत्येक ठिकाणी तो थोडा थांबायचा.

"बा, तू नको थांबू त्याच्यावर," रोशनी म्हणायची.

"तुझ्या आयचा आवाज हाय. ढकलून देऊ?"

"तिकडं पोचला का पण?" वत्सला चुलीपुढून विचारायची. लखनच्या मोबाईलला रेंज लागत नव्हती.

डिसेंबर लागला आणि आभाळ बसलं. सकाळी बागेवर धुकं उतरायचं आणि दुपार झाली तरी पानांच्या मागं ओल राहायची. अशा ओलीत डावणी येते, घड सडतात. समाधान, बागेचा मालक, स्वतः फवारणीच्या ब्लोअरमागं फिरू लागला. दोन बोटं दाढी वाढलेली, डोळे औषधानं लाल. फवारणीचा वास भाकरीला यायचा, अंथरुणाला यायचा. ओळीत बायका मान वर करून, हात वर धरून घडातले बारके मणी कापायच्या. पानांवरचं पाणी कोपरापर्यंत ओघळून झंपरात शिरायचं. कूक वाजली, "होऽ" झालं आणि पोरं हसली की समाधान पलीकडून ओरडायचा.

"तमाशा बंद करा तेवढा! माझा माल चाललाय आणि तुम्हाला गाणी सुचतात!"

"आम्ही वाजवतो का, दादा?" वत्सला एकदा म्हणाली.

"ओ तर तुम्हीच देता ना?"

वत्सलानं पुढचा घड हातात धरला.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मंजुषा मॅडम नाशिक रोडहून यायच्या. हळू बोलायच्या, त्यामुळं वर्ग आपोआप गप्प व्हायचा. त्या दिवशी त्यांनी पुस्तक मिटून ठेवलं आणि फळ्यावर लिहिलं, 'मला हेच का दिसतं?'

तेजस्विनी आणि नवनाथ यांना त्यांनी घरून मोबाईल आणायला सांगितलं होतं. दोघांना समोर बोलावून रील उघडायला लावली. तेजस्विनीच्या मोबाईलवर मेंदी, वेण्या, पुन्हा मेंदी. नवनाथच्या मोबाईलवर ट्रॅक्टर, बैल, पुन्हा ट्रॅक्टर.

"दोघं एकाच आळीत राहता. मग मोबाईलमधली गावं वेगळी कशी? नवनाथ, ट्रॅक्टर तू शोधलास?"

"नाही मॅडम. आपोआप येतात."

"आपोआप म्हणजे कोण पाठवतं?"

मॅडमनी खडू ठेवला.

"तुमच्या घरी बागा आहेत. विरळणीत कोणते मणी ठेवता?"

"जे फुगणार ते," नवनाथ म्हणाला. "बारके काढून टाकायचे."

"इथंही तसंच चालतं. रोज लाखो व्हिडिओ येतात. त्यातले कोणते ठेवायचे, कोणते काढायचे, हे एक यंत्र ठरवतं. ते शिकलेलं यंत्र आहे. कोट्यवधी लोकांची बोटं कुठं थांबली, यावरून शिकलेलं. व्हिडिओ चांगला की वाईट, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तुम्ही किती थांबलात, काय लिहिलंत, कुणाला पाठवलंत, तेवढं ते मोजतं. आधी थोड्या जणांना दाखवतं. ते थांबले की जास्त जणांना. पुढं तुम्ही कुठं थांबाल, याचाही अंदाज बांधतं. आता दोघांनाही दिसतो असा एक व्हिडिओ घेऊ."

त्यांनी आपला मोबाईल वर्गातल्या टीव्हीला जोडला. पडद्यावर द्राक्षाची ओळ दिसली, मळका पदर दिसला, तोंडाशी धरलेले हात दिसले.

मागच्या बाकांवरून "होऽ" झालं. वर्ग हसला. रोशनीनं डेस्कच्या फटीत नख घातलं आणि ते तिथंच दाबून धरलं.

"कुणाकुणाला दिसलाय? हात वर करा." सगळे हात वर. मॅडम हात बघत होत्या, चेहरे नाही. "बघा, कूक संपल्यावर ही बाई उत्तराची वाट बघत थांबते. लोकही नेमके इथंच थांबतात, पुढं काय होतं ते बघायला. यंत्रानं हे थांबणं टिपलं. पुन्हा लावते, नीट बघा."

त्यांनी पुन्हा लावलं.

"मॅडम," तेजस्विनी म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं आणि थोडी भीतीही वाटत होती. "ती रोशनीची आई आहे."

मॅडमचा हात चटकन रिमोटवर गेला, पण चुकीचं बटण दाबलं गेलं आणि आवाज वाढला. वत्सलाची कूक वर्गाच्या भिंतींना धडकून व्हरांड्यात गेली. शेवटी त्यांनी पिनच उपटली.

तास सुटल्यावर रोशनी दप्तर भरत राहिली. मॅडम तिच्या बाकापाशी आल्या.

"मला माहीत नव्हतं गं. चुकलं माझं."

रोशनीनं मान हलवली. मग विचारलं, "मॅडम, ते बंद कसं करायचं?"

"तक्रार करता येते. ती मी आजच करीन. पण आता तो आवाज हजार जणांकडं गेलाय. सगळ्यांकडून परत घेता येत नाही."

"आमच्यातल्या बायका उत्तर देतात. आवाज आला की. त्यांचा पण व्हिडिओ करतात."

मॅडम शेजारच्या बाकावर टेकल्या. "उत्तर दिलं की त्यांना नवा व्हिडिओ मिळतो. राग आला, शिवी दिली तरी यंत्राच्या लेखी ते उत्तरच. काहीच केलं नाही, तर पुढं टाकायला त्यांच्याकडं काही उरत नाही. मग ते मागं पडतं. आपल्या हातात तेवढंच आहे, रोशनी. उत्तर द्यायचं नाही."

त्या संध्याकाळी शेडमध्ये टोळीतल्या बायका शेकोटीभोवती बसल्या होत्या. रोशनीनं त्यांना सगळं सांगितलं. यंत्र, बोट, थांबणं. विरळणीचं सांगितल्यावर बायकांच्या माना हलल्या.

"म्हंजी आपण ओ देतो म्हणून ते फुगतंय?" एकीनं विचारलं.

"होय. आपण गप राहिलो की सुकंल."

"कूक ऐकून गप राहायचं?" रंगूबाई म्हणाली. "मढ्यागत?"

"आजी, ती कूक नाय. मोबाईल हाय तो."

"कानाला काय ठावं?"

"कानाला शिकवायचं."

काळू हसला. "ही मास्तरीण झाली. आता कान पण शाळंत घाला."

वत्सला भाकरी थापत होती. ती मागं न वळता म्हणाली, "शाळंत सांगितलंय तर करा. पोरीला तिथं रोज बसायचंय."

मग रोशनीनं सरावच घेतला. काळूच्या मोबाईलवर तो आवाज लावायचा आणि बायकांनी ओठ मिटून बसायचं. पहिल्यांदा तिघी फसल्या. रंगूबाईनं पदर तोंडात धरला, तरी आतून घोगरा हुंकार निघालाच. सगळ्या खोखो हसल्या. किती तरी दिवसांनी शेडमध्ये असं हसू झालं. पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. शेवटी आवाज संपला आणि शेकोटीतल्या लाकडाची तडतड तेवढी ऐकू आली. वत्सला स्वतःच्या आवाजाकडं पाठ करून उभी होती. तिच्या हातातली भाकरी एका बाजूनं पातळ झाली होती.

उपाय लागू पडला. कुंदननं मोबाईल वाजवला, ओळीत काही हललं नाही. त्यानं आवाज मोठा केला. कात्र्या चालत राहिल्या. "मावश्या रुसल्या वाटतं," तो म्हणाला. दोन-चार दिवस त्यानं टेंपो उभा करून बघितलं, मग कंटाळला. त्याच्याबरोबरची पोरं यायची बंद झाली. रोशनीनं शाळेत मॅडमना सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी हलकं हसू आलं. "तू करून दाखवलंस," त्या म्हणाल्या. रोशनी त्या दिवशी रस्त्यानं घरी येताना खाली बघून चालली नाही.

संध्याकाळी वत्सला ओळीच्या टोकाला यायची. तोंडाशी हात नेत नव्हती. काम सुटल्याचं बायका एकमेकींना नुसतं सांगायच्या.

रविवारी धुकं इतकं होतं की ओळीतलं चौथं झाड दिसत नव्हतं. शाळेला सुट्टी म्हणून रोशनी आजीबरोबर मणी काढायला उभी होती. पलीकडच्या बागेत काळू ब्लोअर चालवत होता. त्याचा घरघराट मध्येच जवळ यायचा, मध्येच विरायचा. लाईट नव्हती, मोटर बंद होती. घड बुडवायच्या औषधाला पाणी कमी पडलं.

"कुणीतरी तळ्यावरून दोन बादल्या आणा," समाधान म्हणाला आणि ट्रॅक्टरकडं निघून गेला.

वत्सलानं बादली उचलली. शेततळं बागेच्या वरच्या अंगाला होतं. ती धुक्यात शिरली आणि तिच्या पाठीवरचा लाल पदर थोडा वेळ दिसत राहिला.

कूक आली तेव्हा रोशनीच्या हातात अर्धा विरळलेला घड होता.

तिनं पहिल्यांदा बांधाकडं बघितलं. धुक्यात टेंपोचा पांढरा पत्रा दिसत होता. ओळीतल्या बायकाही तिकडंच बघत होत्या.

"आला का परत कुंद्या?" एकजण म्हणाली. "मला वाटलं सुटली पीडा."

रंगूबाईचं तोंड उघडलं होतं. रोशनीनं हात वर केला. "आजी, नाय."

कूक पुन्हा आली. लांबून, ओल्या फडक्यातून यावी तशी.

"ही वायली वाटती गं," रंगूबाई म्हणाली.

"त्याच्यात गाणं घातलं असल. नायतर तोडून लावलं असल. रोज काहीतरी नवं करतात ते."

"सरळ नाय येत ती. मधीच बुडती."

"आजी, ओ दिला की परत सुरू होईल सगळं. मॅडमनी सांगितलंय."

रंगूबाईनं पदर तोंडात धरला. बायकांनी माना वर केल्या आणि मणी काढू लागल्या. आवाज आणखी काही वेळ येत राहिला, मध्ये खंड पडत, दरवेळी आखूड होत. कात्र्यांची टिकटिक चालू होती. मग आवाज थांबला.

"बघा," मघाची बाई म्हणाली. "थांबला. रोशनी म्हणती ते खरं हाय."

रोशनीनं हातातला घड पुरा केला. चांगला झाला होता, मणी सारख्या अंतरावर. ती पुढच्या झाडाशी गेली.

ब्लोअरच्या टाकीचं पाणी संपलं म्हणून काळू तळ्यावर गेला. त्याचं ओरडणं सगळ्यांना ऐकू आलं. ते मोबाईलमधलं नव्हतं, हे कुणाला विचारावं लागलं नाही.

शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद दवानं आणि शेवाळानं बुळबुळीत झाला होता. त्यावरून माणूस खाली गेला की त्याला वर येता येत नाही. पाय जितका जोरात मारावा तितका घसरतो. चढायला बांधलेला दोर तुटला होता, नवा आणायचा राहिला होता. वत्सला मोटरच्या रबरी पाइपला दोन्ही हातांनी धरून हनुवटीपर्यंत पाण्यात होती. ओठ जांभळे पडले होते. डोळे उघडे होते, पण काळूनं हाक मारली तरी ती तोंडानं काही बोलली नाही. ट्रॅक्टरची साखळी सोडून तिला ओढून काढलं. पाइपवरची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

शेडमध्ये शेकोटी मोठी केली. बायकांनी तिचे कपडे बदलले, पाय चोळले. तिच्या तळव्यांची सालं निघाली होती. समाधान दारात उभा राहून म्हणाला, "एकटीनं जायचं कशाला पण? हाक तरी मारायची!" तो थोडा वेळ पायानं माती उकरत राहिला आणि दवाखान्यात न्यायला गाडी आणतो म्हणून गेला.

कुंदन आला. आत आला नाही. "मावशी, शपथ घेतो," तो बाहेरूनच म्हणाला. "आज मी वाजवलं नव्हतं. मी फाट्यावर चहाला गेलो होतो, मोबाईल माझ्या खिशात होता."

"जा बाबा तू," काळू म्हणाला.

बायका एकेक करून उठून गेल्या. रंगूबाई विस्तवाकडं बघत होती. तिनं पदराचं टोक अजून मुठीत धरलं होतं. रोशनी आईच्या पायाशी बसली होती. वत्सलाचे दात वाजायचे थांबले तेव्हा ती बोलली. आवाज बसला होता.

"धुकं लय होतं. इथवर आलं नसल."

रोशनीनं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. रंगूबाईही तेच म्हणत असल्यासारखी तिच्याकडं बघत होती.

"आलं होतं," रोशनी म्हणाली. "आजी उत्तर देत होती. मी नको म्हटलं."

वत्सलानं डोळे मिटून घेतले. मग ती म्हणाली, "ते लाकूड आत सार. धूर होतोय."

रोशनीनं लाकूड आत सारलं.

सोमवारी ती शाळेत गेली नाही. आईच्या वाट्याच्या ओळीत कात्री घेऊन उभी राहिली. आभाळ तसंच होतं. बायका काम करत होत्या. दुपारी मागून पानं हलली म्हणून रोशनीनं वळून बघितलं. दोन्ही हातांना चिंध्या बांधलेली वत्सला वाकून, मांडवाच्या तारा चुकवत, सगळी ओळ ओलांडून आली होती. तिला दम लागला होता.

"भाकर खायला चल."

"शेडातनं कूक द्यायची ना, आय. मी आले असते."

"पाय हायत की मला," वत्सला म्हणाली.

काळू पलीकडच्या बागेत होता. ती त्याला बोलवायला तशीच पुढं चालत गेली.